माईक हातात घेण्याआधी : गटाच्या साऊंड सिस्टिमला लाईन कशी द्यावी

भातकुली तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या आम्ही बाया बोलतोय. आम्ही अकरा जणी. महिन्याची बचत वेळेवर भरतो आणि दर गुरुवारी संध्याकाळी भजनाला बसतो. तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या मुलखात घुमली, तिथं भजनाला बसा म्हणून बायांना आग्रह करावा लागत नाही.

दोन वर्षांआधी आम्ही गटाच्या पैशातून साऊंड सिस्टिम घेतली. एक अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरच्या दोन पेट्या आणि दोन माईक. ती आमच्या सचिवताईच्या घरी समोरच्या खोलीत ठेवली. गुरुवारी भजन, एरवी मोबाईल जोडून गाणी, रेडिओवरचे कार्यक्रम, आणि बारसं, हळदीकुंकू असलं की बाहेर भाड्यानं. कोणती सिस्टिम घ्यावी यावर आमच्या तीन बैठका झाल्या. तिला लाईन कशी द्यावी यावर मात्र एकही बैठक झाली नाही. पिन बोर्डात घातली, दिवा लागला, काम झालं. आमची चूक तिथंच झाली.

आषाढी एकादशीची संध्याकाळ होती. दिवसभर झड लागलेली. दारातून ये-जा करून खोलीतली जमीन ओली झाली होती. गटातल्या एका काकूंची नवी सून पहिल्यांदाच सगळ्यांसमोर गाणार होती. तिनं अनवाणी उभं राहून माईक हातात घेतला आणि पहिल्याच ओळीला किंचाळली. "मायबाई! झटका बसला मले!" माईक हातातून सुटून पडला, म्हणून निभावलं. हात आखडून माईकला चिकटला असता तर काय झालं असतं, ते बोलायचीही आम्हाला भीती वाटते. त्यानंतर ती पोर कितीतरी गुरुवार मागं भिंतीशी बसायची. टाळ वाजवायची, पण माईक हातात घ्यायची नाही.

झटका कुठून आला हे शोधायला आम्ही जाणकार वायरमनला बोलावलं. त्यानं अ‍ॅम्प्लिफायरची पिन काढून आमच्यासमोर धरली. तीन पायांच्या पिनेचा वरचा जाड पाय कापलेला होता. मग आम्हाला आठवलं. सिस्टिम नवी असताना पेट्यांतून सारखा घूंऽऽ असा आवाज यायचा. तेव्हा बसवून द्यायला आलेल्या मिस्त्रीनं "करून देतो" म्हणत पक्कड चालवली होती. घूं थांबली आणि आम्ही त्याला चहा पाजला.

बायांनो, त्या वरच्या पायाचं काम आधी समजून घेऊ. पिनेचे खालचे दोन पाय म्हणजे फेज आणि न्यूट्रल. एकातून करंट येतो, दुसऱ्यातून परत जातो. वरचा पाय अर्थिंगचा. तो इतर दोघांपेक्षा लांब असतो, कारण पिन घालताना तो आधी लागावा आणि काढताना शेवटी सुटावा. अ‍ॅम्प्लिफायरची पत्र्याची पेटी त्या पायाला जोडलेली असते. आत एखादी वायर सोलली, ट्रान्सफॉर्मरमध्ये ओल शिरली, तर करंट त्या पत्र्यात उतरतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यातच थांबून राहतो आणि वाट बघतो. माईकच्या वायरीवरची जाळी त्याच पत्र्याला जोडलेली असते आणि माईकचं लोखंडी अंगही. म्हणून पत्र्यातला करंट माईकपर्यंत येतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या बाईनं माईक धरला की त्याला जमिनीत जायची वाट मिळते, ती तिच्या अंगातून.

म्हणून पहिली गोष्ट : अर्थिंगचा पाय कधीही कापू द्यायचा नाही. तीन पायांच्या पिनेला दोन पायांचा जोड लावून चालवणंही तेच. काही वस्तूंना, जसं मोबाईलचा चार्जर, मुळातच दोन पाय असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांच्यात आतून दुहेरी बंदोबस्त केलेला असतो. पण ज्या वस्तूला कारखान्यातून तीन पाय आले, तिचे तीनही पाय कामाचे.

आता दुसरी गोष्ट. बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणजे घराला अर्थिंग आहे असं नाही. आमच्या सचिवताईकडे वरच्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. कितीतरी घरांत तशीच असते. काही ठिकाणी तर मिस्त्री बोर्डातल्या बोर्डात वरचं भोक न्यूट्रलला जोडून देतात. ते तर आणखी वाईट. वादळात किंवा जुनाट जोडात न्यूट्रल तुटला, की सगळ्या वस्तूंचे पत्रे एकदम जिवंत होतात. अर्थिंगची वायर वेगळी, हिरवी, थेट अंगणातल्या अर्थिंगपर्यंत गेलेली पाहिजे.

अर्थिंगच्या बाबतीत आपल्या भागाची अडचण जरा वेगळी आहे. आपण खारपाणपट्ट्यातले. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली ही खारी जमीन अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरली आहे. खारं पाणी हापशीच्या लोखंडी पाईपाचं काय करतं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. तेच अर्थिंगच्या पाईपाचं होतं. ओली खारी माती करंट चांगला वाहून नेते, पण लोखंड खाऊन टाकते. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. भेग पाईपाजवळ पडली की मातीचा आणि पाईपाचा संबंध सुटतो. म्हणजे पावसाळ्यात तपासलेलं अर्थिंग चांगलं निघेल आणि वैशाखात तेच निकामी ठरेल.

म्हणून वायरमनला काम सांगताना या गोष्टी विचारून घ्या. पाईप किंवा रॉड ८ ते १० फूट खोल गेला पाहिजे, कारण खालची माती उन्हाळ्यातही ओल धरते. तो घराच्या भिंतीपासून ५ फूट तरी लांब असावा. साध्या लोखंडाऐवजी जस्ताचा मुलामा असलेला पाईप किंवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्यावा. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकायची जुनी पद्धत आहे, पण आपल्या मातीत मीठ आधीच भरपूर. आणखी मीठ म्हणजे गंजाला आमंत्रण. त्याऐवजी बाजारात अर्थिंगची पावडर मिळते, ती ओल धरून ठेवते. सर्वात आधी गंजतो तो वायर आणि पाईपाचा जोड, म्हणून तो मातीत गाडून टाकू नका. झाकणाखाली ठेवा, म्हणजे बघता येईल. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. आणि अर्थिंगची मोजणी एप्रिल-मे महिन्यात, जमीन सर्वात कोरडी असताना करून घ्या. आमच्याकडे हे काम परवानाधारक वायरमननं अर्ध्या दिवसात केलं. सिस्टिमच्या किमतीपुढे तो खर्च लहान होता.

तिसरी गोष्ट म्हणजे एक डबी. तिला आरसीसीबी म्हणतात. जुने मिस्त्री ईएलसीबी म्हणतील. ती मीटरजवळ बसते. तिचं काम समजायला आपल्या गटाचं हिशेबाचं वही-खातं आठवा. पेटीतून किती गेले आणि किती परत आले, हे जुळलं तर ठीक. जुळलं नाही, तर पैसे मधेच कुठंतरी गेले. ही डबी तेच बघते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का? कमी आला, तर तो कोणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत चाललाय. मग ती क्षणार्धात लाईन तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची डबी घ्यायची.

दुकानात हिची आणि एमसीबीची गल्लत होते. एमसीबी जास्त लोड झाला, शॉर्ट झालं की पडते. ती वायर जळू देत नाही. बाईला झटका बसला तर ती पडेलच असं नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट एमसीबीच्या हिशेबात किरकोळ असतो. म्हणून दोन्ही पाहिजेत. आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, टेस्ट लिहिलेलं. ते दाबलं की डबी पडली पाहिजे. नाही पडली तर बदलायची. आम्ही हे बटण महिन्याच्या बैठकीला दाबतो. बचत जमा, सह्या, मग बटण. एक सांगून ठेवतो, एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर ही डबीही काही करू शकत नाही. तिच्या भरवशावर उघड्या वायरीशी खेळायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, अर्थिंग जोडलं, मग ती घूं परत आली असेल. आली होती! आणि तिचं कारण ऐकून आम्ही हसलो. अ‍ॅम्प्लिफायरची पिन एका बोर्डात होती आणि टीव्ही दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डात. टीव्हीचा आवाज पेट्यांतून यावा म्हणून दोघांमध्ये बारीक वायर जोडलेली. त्यामुळे अर्थिंगला जायला दोन वाटा झाल्या आणि दोन वाटांचं एक वेटोळं तयार झालं. त्या वेटोळ्यात फिरणारा बारीकसा करंट पेट्यांतून ऐकू येतो. यावर उपाय सोपा. एकमेकांना जोडलेल्या सगळ्या वस्तूंच्या पिना एकाच बोर्डात घालायच्या. वरचा पाय कापून आवाज थांबतो खरा, पण तो माणसाचा बंदोबस्त काढून आवाजाचा बंदोबस्त झाला.

घूं येतच राहिली तर एकेक करून बघा. मोबाईल चार्जिंगला लावून गाणं चालू आहे का? चार्जर काढा, बहुतेक वेळा तिथंच थांबते. पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यावर आवाज बदलतो का? माईकची वायर लाईनच्या वायरीला चिकटून लांबवर गेली आहे का? दोन्ही वेगळ्या भिंतींनी न्या, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर आडवं ओलांडू द्या. एवढं केल्यावर आमच्या पेट्या गप्प झाल्या.

चौथी गोष्ट बोर्ड आणि वायरीची. आम्हाला एका दुकानात सांगितलं, आवाज गोड पाहिजे तर खास जाड पॉवर केबल घ्या. तिची किंमत ऐकून सचिवताईनं वही मिटली. खरा हिशेब असा आहे. आपल्या घरी लाईन २३० व्होल्टची. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना ४०० वॅट खात असेल, तर ४०० भागिले २३० म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आत. साधा ६ अँपिअरचा बोर्ड त्याला पुरून उरतो. शिवाय लाईनमधला करंट काही थेट पेटीत जात नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत आधी त्याचा दाब बदलतो, मग तो एका दिशेचा होतो आणि साठवला जातो. गावच्या टाकीसारखं समजा. घरच्या नळाला पाणी टाकीतून येतं. टाकीत पाणी चढवणारा पाईप पितळेचा की लोखंडाचा, यानं नळाची धार बदलत नाही. अ‍ॅम्प्लिफायरसोबत आलेली धड वायर गाण्यासाठी पुरे.

मात्र सुरक्षेसाठी वायर चांगलीच पाहिजे. एक्स्टेंशन बोर्ड तीन तारांचा, तांब्याच्या वायरीचा घ्या. चिकटपट्टीचे जोड नकोत. गुंडाळलेली वायर चालवण्याआधी पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते. आणि त्याच बोर्डावर पाणी तापवायचा रॉड किंवा शेगडी लावायची नाही. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, त्याची जागा १६ अँपिअरच्या बोर्डावर.

पाचवी गोष्ट स्टॅबिलायझर. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू झाले की आपल्याकडे व्होल्टेज खाली येतं. तेव्हा आवाज वाढवला की फाटतो. घ्यायच्या आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची पट्टी वाचा. त्यावर १०० ते २४० असं लिहिलं असेल, तर तो कमी व्होल्टेजवर स्वतःच सांभाळून घेतो, त्याला व्होल्टेज वाढवून द्यायला स्टॅबिलायझर नको. नुसतं २३० लिहिलं असेल आणि तुमच्याकडे व्होल्टेज फार खालीवर होत असेल, तर घ्या, पण लोडपेक्षा मोठा घ्या. ४०० वॅटला ५०० व्हीए तरी. त्यात जादा व्होल्टेज आलं की लाईन तोडायची सोय आहे का, ते नक्की विचारा. वाऱ्या-वादळात डीपीवरचा न्यूट्रल सुटला तर घरात २३० च्या जागी ३०० च्या वर, अगदी ४०० पर्यंत व्होल्टेज येऊ शकतं, आणि पंखा, टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर एका रांगेत जातात. ही तोडायची सोय सर्वांनाच उपयोगी, ती वेगळ्या डबीतही मिळते. दिवे अचानक लखलखीत झाले तर आधी मेन बंद करा आणि मग महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा. एवढं मात्र लक्षात ठेवा, स्टॅबिलायझर अर्थिंगचं काम करत नाही. आमच्या गटात आधी स्टॅबिलायझर घ्यावा असं चौघींचं म्हणणं होतं. तेव्हा पेटीवाल्या काकू म्हणाल्या, "काहून माय, आधी मशीन वाचवता का माणूस?" ठराव तिथंच झाला.

विजा कडाडायला लागल्या तर यातलं काहीच कामाचं नाही. पिन काढायची, टीव्हीची केबल काढायची, सिस्टिम बंद ठेवायची. भजनाला टाळ आणि खंजिरी आहेतच.

सहावी गोष्ट, लाईन गेल्यावर काय? इन्व्हर्टर घ्यायचा असेल तर साइन वेव्हचा घ्या. स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर दिवे-पंख्याला चालतो, पण जड ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर त्यावर घुमतो आणि तापतो. बॅटरीचा हिशेबही सोपा आहे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॅट-तास. भजनात सरासरी १५० वॅट लागले तर कागदावर १२ तास. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून सहा तास धरा. रात्रीच्या भजनाला ते पुष्कळ. तसंही रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे.

बाहेरच्या कार्यक्रमाला आम्ही आता वेगळाच मार्ग धरतो. काही अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लाईनशिवाय १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी लाल-काळे दोन स्क्रू असतात. त्यावर बॅटरी थेट जोडता येते. लाल ते लाल, काळं ते काळं, उलटं झालं की अ‍ॅम्प्लिफायर जळतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर माईकला लाईनचा झटका बसायची वाटच राहत नाही. पौषात ऋणमोचनच्या यात्रेत, शेतात, पारावर, ओल्या अंगणात हेच बरं. नवीन सिस्टिम घेणाऱ्या गटांनी हे दोन स्क्रू बघूनच घ्यावं.

आणि तारेवर आकडा टाकायचा नाही. "दोन तासांचा तर कार्यक्रम" असं म्हणणारे प्रत्येक गावात असतात. आकड्याच्या लाईनला अर्थिंग नाही, आरसीसीबी नाही, एमसीबी नाही. वर २००३ च्या वीज कायद्यात कलम १३५ खाली ती चोरी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मोठ्या कार्यक्रमाला महावितरणकडून तात्पुरती जोडणी रीतसर मिळते. त्यासाठी आधी अर्ज करा.

कोणाला झटका बसलाच, तर तिला हात लावू नका. आधी मेन बंद करा. बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून, कोरड्या काठीनं वायर दूर सारा. मग १०८ ला फोन.

आता पैशांचा क्रम सांगतो, कारण गटात प्रश्न शेवटी तिथंच येतो. पैसे थोडे असतील तर आधी अर्थिंग. मग आरसीसीबी. मग तीन तारांचा एक चांगला बोर्ड. या तिघांनंतर हातात काही उरलं तर स्टॅबिलायझर, आणि सर्वात शेवटी इन्व्हर्टर. दुकानदार हा क्रम बहुधा उलटा सांगेल.

आमच्याकडे हे सगळं व्हायला श्रावण उजाडला. पहिल्या गुरुवारी वायरमननं मीटर लावून माईक तपासून दाखवला. तरी ती सून पुढं येईना. काकू तिला मीटरजवळ घेऊन गेल्या, "तूच दाब" म्हणाल्या. तिनं टेस्टचं बटण दाबलं, टक्‌ आवाज झाला, घर अंधारात गेलं. तिनं पुन्हा डबी वर केली, पुन्हा दाबली. तीनदा. मग पायात चप्पल घालून आली, माईक धरला आणि गायली. आता महिन्याच्या बैठकीत बटण दाबायचं काम तिच्याकडेच आहे.

तुमच्या गटात सिस्टिम असेल, तर येत्या बैठकीच्या दिवशी एवढंच करा. तिची पिन काढून हातात घ्या आणि पाय मोजा.